घरात आधीच दोन-तीन कुत्रे असताना खोडकर पिल्लू कसं सांभाळायचं

"मोठे आहेत की घरात, तेच शिकवतील त्याला," असं म्हणत पिल्लू आणलं जातं आणि महिन्याभरात घराची घडी विस्कटते. मोठे कुत्रे पिल्लाला काही गोष्टी शिकवतात, हे खरं. किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून निघून जातो, झोपलेल्याच्या अंगावर उडी मारली की काय होतं, हे त्यांच्याइतकं चांगलं माणसाला शिकवता येत नाही. पण शू कुठे करायची, चप्पल सोडून द्यायची, हाक मारली की यायचं, ही कामं त्यांची नाहीत. ती त्यांच्या गळ्यात पडली की शांत कुत्रा चिडका होतो, म्हातारा दिवसभर दिवाणाखाली जाऊन बसतो आणि पिल्लू माणसाकडे बघायचंच सोडून देतं. पिल्लाची जबाबदारी माणसांनी उचलायची आणि थोरल्यांची झोप, जेवण आणि जागा यांना धक्का लागू द्यायचा नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

पिल्लू येण्याआधी

आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नका. आपल्याकडे ४०-४५ दिवसांची पिल्लं सर्रास दिली जातात. त्या शेवटच्या दोन आठवड्यांत पिल्लू आईच्या आणि भावंडांच्या संगतीत चाव्याचा जोर आवरायला शिकतं. ते राहून गेलं की तुमच्या थोरल्यांना सुईसारख्या दुधाच्या दातांचा त्रास होतो. रस्त्यावर सापडलेलं, आई नसलेलं पिल्लू असेल तर इलाज नाही. पण मग चाव्याची शिकवण पहिल्या दिवसापासून तुम्हालाच द्यावी लागेल, हे गृहीत धरा. एकाच वेळी दोन पिल्लं आणायचा मोह टाळा. ती एकमेकांत इतकी गुंततात की माणसाचं ऐकणं मागे पडतं आणि थोरल्यांवर दुप्पट हल्ला होतो.

थोरल्यांच्या लसी चालू तारखेच्या आहेत ना, हे कार्ड काढून बघा. सांधे दुखणारा, कान दुखणारा किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेला कुत्रा घरात असेल तर तो बरा होईपर्यंत पिल्लू आणणं पुढे ढकला. दुखणाऱ्या खुब्यावर पिल्लाने उडी मारली की सगळ्यात गरीब कुत्राही चावतो.

सामान फार लागत नाही. ७५ ते ९० सेंटीमीटर उंचीचं एक बेबी गेट. पिल्लू उभं राहून, वळून, पाय पसरून झोपू शकेल एवढा क्रेट, म्हणजे दाराचा पिंजरा. दोन मीटरची हलकी नायलॉनची दोरी, जिच्या टोकाला फास किंवा मूठ नाही (मूठ असली की ती खुर्चीच्या पायात अडकते). कुत्रे जितके, त्यापेक्षा एक जास्त पाण्याची भांडी, वेगवेगळ्या खोल्यांत. आणि थोरल्यांसाठी एक अशी जागा जिथे पिल्लाला चढता येणार नाही: दिवाण, बाल्कनीतला बाक किंवा गेटपलीकडची खोली. ही शेवटची गोष्ट चैन वाटते म्हणून लोक सोडतात, आणि पुढची निम्मी भांडणं तिच्या अभावी होतात.

पहिले चौदा दिवस

बाहेरून आलेल्या पिल्लाला, विशेषतः लस न झालेल्या, पहिले १० ते १४ दिवस दार बंद असलेल्या वेगळ्या खोलीत ठेवा. पार्व्होची (पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची) लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहून जास्त. उलट्या, रक्ताचे जुलाब, खाणं बंद आणि पिल्लू गळून गेलेलं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर; उद्या बघू म्हणायला वेळ नसतो. हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने तग धरतो आणि फिनाईलला दाद देत नाही. आधी घाण पूर्ण धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्याने पुसा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, फिनाईल किंवा ॲसिड कधीही मिसळू नका.

जंताचं औषध पिल्लाला साधारण दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांचं होईपर्यंत, आणि मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. पहिल्या दिवशी ते थोरल्यांनाही द्या, नाहीतर जंत घरातच फिरत राहतात. गोचिडीचं औषध मात्र वजनावर असतं. मोठ्यांच्या मानेवर टाकायचे थेंब पिल्लाला लावू नका, आणि मोठ्यांना लावल्यावर पिल्लू ते चाटणार नाही एवढा एक दिवस दोघांना वेगळं ठेवा.

या दिवसांत दारामागून ओळख सुरू करता येते. पिल्लाच्या अंगावर घासलेलं फडकं थोरल्यांच्या गादीजवळ ठेवा, त्यांचं फडकं पिल्लाच्या क्रेटमध्ये. पिल्लाचं जग मात्र बंद खोलीपुरतं ठेवू नका. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत जे दिसतं-ऐकू येतं ते पिल्लू आयुष्यभर साधं मानतं. रोज दहा-पंधरा मिनिटं कडेवर घेऊन बाहेर न्या: रिक्षा, कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारे आजोबा. फक्त जमिनीवर सोडू नका.

पहिली गाठभेट

मोकळ्या, कोणाच्याही हक्काच्या नसलेल्या जागी भेट घडवायची, हे खरं. पण लसी पूर्ण न झालेलं पिल्लू रस्त्यावर किंवा बागेत ठेवता येत नाही. अशा वेळी सोसायटीची गच्ची चांगली, सकाळी सातच्या आत, फरशी तापायच्या आधी. किंवा एखाद्या ओळखीच्या घराचं अंगण, जिथे परके कुत्रे येत नाहीत.

थोरला एका वेळी एकच. सगळ्यात शांत असेल तो पहिला, ज्याच्याबद्दल शंका आहे तो शेवटी. दोन माणसं, दोन पट्टे, आणि पट्टे सैल. ताणलेला पट्टा कुत्र्याच्या छातीला पुढे झुकवतो आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. आधी पाच-सहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेला चालवा. मग तीन सेकंद वास घेऊ द्या आणि दोघांनाही हाक मारून बाजूला घ्या. हाकेला आला की तुरीच्या दाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा. पुन्हा तीन सेकंद. सगळं मिळून पाच मिनिटं, मग घरी. असं प्रत्येकाबरोबर तीन-चार दिवस नीट झाल्यावरच दोन थोरले एकत्र आणा.

एवढी सावधगिरी कशासाठी? एकट्या कुत्र्याच्या घरात पिल्लू किंचाळलं तर कुत्रा दचकून मागे सरतो. तीन कुत्र्यांच्या घरात त्याच किंचाळीवर दुसरा आणि तिसरा धावत येतात, आणि कित्येकदा पिल्लू बाजूलाच राहून दोन थोरलेच एकमेकांना भिडतात. वर्षानुवर्षांची त्यांची मैत्री त्या दहा सेकंदांत बिघडू शकते.

थोरला काय म्हणतोय ते वाचा

पिल्लू थोरल्याच्या कानाला लोंबकळतंय. थोरला आधी तोंड दुसरीकडे फिरवतो. मग जीभ एकदा नाकावरून फिरते, भूक नसताना. मग जांभई. शेपटी हलत होती ती थांबते. अंग लाकडासारखं घट्ट होतं, आणि डोळा न हलवता पिल्लाकडे तिरका बघतो तेव्हा डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतो. मग गुरगुर. मग हवेत दात वाजतात. हे सगळं तीन-चार सेकंदांत उरकतं, आणि बहुतेक घरांतल्या माणसांना त्यातली फक्त गुरगुर ऐकू येते.

गुरगुरल्याबद्दल थोरल्याला रागावू नका. ती सूचना आहे. ती दाबली की कुत्रा पुढच्या वेळी सूचना न देता चावतो, आणि मग लोक म्हणतात, "काहीही कारण नसताना चावला." गुरगुर झाली की पिल्लाला शांतपणे उचला किंवा दोरी धरून बाजूला न्या, थोरल्याला त्याच्या जागी जाऊ द्या. त्याला कळलं पाहिजे की सांगितलं की माणसं ऐकतात; मग त्याला आवाज चढवावा लागत नाही.

थोरल्याने हवेत दात वाजवले, क्षणभर पिल्लाला पंजाने दाबून लगेच सोडलं, तर ती शिकवण आहे, राहू द्या. पिल्लाच्या कातडीला भोक पडलं, थोरला दाबून सोडतच नाही किंवा पळत्या पिल्लाच्या मागे लागतो, तर ते शिकवणं राहिलं नाही. लॅब्रॅडोरसारख्या तीस किलोच्या कुत्र्याचा प्रेमाने मारलेला पंजाही तीन किलोच्या पिल्लाचं हाड मोडू शकतो, म्हणून वजनात मोठा फरक असेल तर जमिनीवर बसून, हाताच्या अंतरावर राहूनच खेळू द्या.

खेळ खरा आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा. पुढचे पाय पसरून, ढुंगण वर करून वाकणं, आळीपाळीने खाली पडणं, मध्येच थांबून अंग झटकणं ही चांगली लक्षणं. शंका आली तर पिल्लाला दोन सेकंद धरून ठेवा. थोरला परत खेळायला जवळ आला तर चालू द्या. तो निघून गेला तर त्याला नको होतं, आज एवढं पुरे.

आणि खेळताना सगळ्यांचे गळपट्टे काढा. मान चावत खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघं घाबरून पीळ देतात आणि पट्टा आवळत जातो. असं झालं तर ओढू नका. दोघांना एकमेकांकडे ढकलून ताण सैल करा, एकाला पिळाच्या उलट दिशेने फिरवा, नाही सुटलं तर पट्टा कापा. जाड कात्री हाताशी असू द्या.

खोड्या का होतात

दोन-तीन महिन्यांचं पिल्लू दिवसाला १८ ते २० तास झोपतं. भरल्या घरात त्याला ही झोप मिळतच नाही: थोरला उठला की तेही उठतं, बेल वाजली की सगळ्यांबरोबर धावतं. संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान ते जे वेड्यासारखं धावतं, पायजम्याची नाडी ओढतं, ओढणीला लोंबकळतं, ती बहुतेक वेळा झोपेची कमतरता असते. लहान मूल झोप आली की जसं कुरकुरतं, तसंच. एक तास जागं, दोन तास झोप, हे चक्र घड्याळ लावून पाळा. झोप क्रेटमध्ये, वर चादर, थोरल्यांपासून दूर. दिवसा सलग दोन-तीन तासांपेक्षा जास्त क्रेट नको.

पिल्लू मोकळं असेल तेव्हा ती दोन मीटरची दोरी छातीच्या पट्ट्याला लावून मागे घासत राहू द्या. तुमच्यापैकी एकाची नजर त्याच्यावर हवीच. चप्पल तोंडात घेऊन पळालं तर मागे धावू नका. धावलात की थोरलेही धावतात आणि चप्पल पळवणं हा घरातला सगळ्यात मोठा सोहळा ठरतो. दोरीवर पाय ठेवा, नाकाजवळ चिकनचा तुकडा न्या, चप्पल सुटली की तुकडा द्या आणि त्याच्या हक्काची चावायची वस्तू द्या. तोंडातून हिसकावून घेतलं तर पिल्लू पुढच्या वेळी गिळतं, किंवा वस्तूवर गुरगुरायला शिकतं.

दुधाचे २८ दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. जुना सुती टॉवेल ओला करून, पीळ देऊन फ्रीझरमध्ये ठेवा. तो पिल्लाला द्या आणि धागे सुटले की काढून घ्या. थंड गाजरही चालतं. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही. शिजवलेली हाडं कोणालाच नको, ती फुटून टोकदार होतात.

घरातल्या काही गोष्टी मात्र खोडीच्या पलीकडच्या आहेत. शिऱ्यातले, लाडवातले मनुके-बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. चॉकलेट, कांदा, लसूण, बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉल, माणसाच्या पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेनच्या गोळ्या, उंदराचं औषध हे सगळं उंच कपाटात. कुंड्यांत कण्हेर किंवा सायकस असेल तर ती हलवा. आंब्याची कोय आणि दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकतं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कचऱ्याची बादली झाकणाची हवी. थोरल्यांनी ही बादली कधी उघडली नसेल, पण पिल्लू उघडतं, आणि मग थोरलेही ती उघडायला शिकतात.

जेवणाची वेळ

बरेच चावे इथे होतात. पिल्लाला तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा जेवण. पोळी-दूध हा पिल्लाचा आहार होत नाही. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम पुरेसं नसतं आणि दुधाने पुष्कळ पिल्लांना जुलाब होतात. पिल्लाचं खाणं थोरल्यांना लागू देऊ नका. त्यात उष्मांक जास्त असतात, त्यांची वजनं वाढतात आणि दुखरे सांधे आणखी दुखतात.

पिल्लू क्रेटमध्ये, दार बंद. थोरले वेगवेगळ्या कोपऱ्यांत, एकमेकांकडे पाठ करून. पंधरा मिनिटांनी सगळी भांडी एकदम उचला. लोकांचा समज असतो की भांडण खाताना होतं. ते बहुतेक वेळा नंतर होतं: रिकामी भांडी चाटताना, ओट्याखाली पडलेल्या पोळीच्या तुकड्यावर. म्हणून भांडी उचलून, फरशी बघूनच क्रेटचं दार उघडा. हाडं, चघळायच्या काड्या, खाऊ भरलेली खेळणी या वस्तू कायम बंद दारामागेच, अगदी थोरले एकमेकांचे जिवलग असले तरी. हाताने दिलेला खाऊ रोजच्या एकूण खाण्याच्या दहाव्या भागापेक्षा जास्त होऊ देऊ नका.

शी-शू

पिल्लाचं वय जितके महिने, अधिक एक, तितके तास ते जास्तीत जास्त धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दर तासाला न्या. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर आणि खेळ थांबल्यावर पाच मिनिटांच्या आत न्यायचंच. थोरल्यांबरोबर नेऊ नका. त्यांच्यामागे हुंदडण्यात ते शू करायचं विसरतं आणि घरात आल्यावर पायपुसण्यावर करतं. बाल्कनीत ट्रेवर बारदान चालतं. जागा कायम एकच ठेवा, काम झालं की जागच्या जागी खाऊ.

घरात झालेली शू फिनाईलने पुसली तर वास फक्त माणसाला लपतो, शिवाय पिल्लू ती फरशी चाटतं. एन्झाइमचा क्लीनर वापरा. आणि एकाच कोपऱ्यात रोज शू होत असेल तर आधी थोरले तिथे तंगडी वर करतात का, ते बघा. पिल्लू फक्त उत्तर देत असतं.

रोज एकट्याने

बहुकुत्र्यांच्या घरातलं पिल्लू हाकेला येत नाही, कारण हाक मारली की सगळेच येतात आणि तेही गर्दीत येतं. ते नाव शिकत नाही, गर्दी शिकतं. दिवसातून तीनदा दहा-दहा मिनिटं पिल्लू तुमच्याबरोबर एकटं हवं: नाव, ये, बस, पट्ट्यावर चालणं. लसी झाल्या की आठवड्यातून तीन-चार फेऱ्या थोरल्यांशिवाय. थोरल्यांनाही प्रत्येकी रोज पंधरा मिनिटं, पिल्लू नसताना. बेलवर भुंकणारा थोरला असेल तर पाहुणे यायच्या आधी पिल्लू आतल्या खोलीत. भुंकणं ही सगळ्यात लवकर उचलली जाणारी सवय आहे.

भांडण झालंच तर

गळपट्ट्याला हात घालू नका, माणसाला चावे बहुतेक तिथेच बसतात. ओरडू नका. आधी बाकीचे कुत्रे दाराआड करा. मग खुर्ची, उशी, जाड चादर दोघांच्या मध्ये. सुटले नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी प्रत्येकी एका कुत्र्याच्या मागच्या मांड्या धरून उचलायच्या, ढकलगाडीसारखं, आणि मागे मागे चालत अर्धवर्तुळात वळायचं, म्हणजे तो उलटून चावू शकत नाही. एकाने दुसऱ्याला तोंडात घट्ट धरलं असेल तर ओढू नका, कातडी फाटते. पकड सैल होण्याची वाट बघा. नंतर दोघांचं अंग केस बाजूला करून तपासा. सुळ्याची जखम वरून छोटी आणि आतून खोल असते, डॉक्टरांना दाखवायलाच हवी. त्या दिवशी पुन्हा गाठ घालू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, पुन्हा गच्चीवरून सुरुवात.

भांडणं अरुंद जागी पेटतात: दारात, बोळात, सोफा आणि भिंतीच्या मध्ये, तुम्ही घरी आलात त्या क्षणी. आल्या आल्या सगळ्यांना कुरवाळू नका. आत जा, बसा, मग एकेकाला हाक मारा.

चार महिन्यांनंतर

लहान पिल्लाला थोरले बरंच काही माफ करतात. ही सवलत साधारण चार-साडेचार महिन्यांना संपते. त्याच खोडीवर अचानक दात दिसू लागतात आणि घरची माणसं घाबरतात, थोरला बिघडला असं समजतात. तो बिघडलेला नसतो. या काळात दोरी पुन्हा लावा, गेट पुन्हा बंद करा आणि पिल्लाला थांबायला शिकवण्याची वेळ वाढवा.

सहा महिन्यांपासून माजावर येण्याचा काळ सुरू होतो. नसबंदी केव्हा करायची ते जात आणि आकार बघून पशुवैद्यांशी बोला, पण तोवर माजावरची मादी आणि नर तीन आठवडे पूर्णपणे वेगळे. एका दाराने भागत नाही, दोन दारं मध्ये ठेवा. दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान कुत्रा खऱ्या अर्थाने प्रौढ होतो. त्या वयात एकाच लिंगाच्या दोघांत, विशेषतः दोन माद्यांत, गंभीर भांडणं सुरू होऊ शकतात, आधी काहीही नसताना. दोनदा रक्त निघालं तर तिसऱ्याची वाट बघू नका. आधी दुखणं नाही ना, ते तपासून घ्या, मग कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांना दाखवा. तोवर घर दोन भागांत वाटा: सकाळी एक हॉलमध्ये आणि दुसरी आतल्या खोलीत, दुपारी अदलाबदल, मधल्या दाराला कडी, आणि कडीवर मुलांना दिसेल अशी चिठ्ठी.